विश्वास कमी पडला, असं म्हणणाऱ्यांना

मावशीच्या फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, इन्सुलिनची पेनं असतात. दोन वर्षांपूर्वी पाच दिवस त्यांना कुणी हात लावला नाही. घरी रात्रीची प्रार्थनासभा झाली होती. बाहेरगावहून आलेल्या प्रचारकाने मावशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, प्रभूने तुम्हाला बरं केलंय, आता सुई टोचलीत तर तो अविश्वास. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी धाप लागली आणि आम्ही तिला आयसीयूत नेलं. वाचली. घरी आल्यावर तोच माणूस भेटायला आला आणि सतरंजीवर बसून म्हणाला, "बाई, तुमचा विश्वास कमी पडला."

त्यानंतर जवळपास वर्षभर मावशीने प्रार्थनेसाठी तोंड उघडलं नाही. साखर आटोक्यात आली, पण हा घाव भरेना.

प्रार्थना ऐकली जाते, असं मी मानते. देव वाट दाखवतो, असंही मानते. म्हणूनच त्या वाक्याची मला चीड आहे. ते पवित्र शास्त्राच्या नावाने बोललं जातं आणि पवित्र शास्त्रात त्याला आधार नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय उघडून पाहावा. हेरोद राजाने याकोबाला तलवारीने मारलं आणि त्याच अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटला. मंडळी तीच, दिवस तेच. मग याकोबाच्या वेळी विश्वास कमी पडला आणि पेत्राच्या वेळी पुरला, असं म्हणायचं का? पेत्र दारात उभा असल्याचं रूदा नावाच्या मुलीने धावत येऊन सांगितलं, तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना करत बसलेल्यांनी तिला वेड्यात काढलं. म्हणजे ज्यांची विनंती मान्य झाली, त्यांनाच ती मान्य होईल असं वाटत नव्हतं. विश्वास तराजूत घालून तेवढ्या वजनाचं उत्तर मिळतं, हा हिशेब इथेच मोडतो. आणि औषधाचं म्हणाल, तर पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला आणि त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता.

मार्गदर्शनाबाबतही आपल्या घरांत एक सवय रुजली आहे. मुलीला स्थळ आलं, नोकरीचं पत्र आलं, की वचनपेटी काढायची आणि डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची. सकाळी एक वचन वाचून दिवस सुरू करावा, त्यात गोडवा आहे, माझी आजीही तसंच करायची. पण त्या चिठ्ठीवर लग्न ठरवणं म्हणजे देवाला कौल लावणं झालं. पौलाला वाट कशी सापडली? बिथुनियात जायचं होतं, जाता आलं नाही. त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा एक माणूस बोलावत होता. त्यानंतर निष्कर्ष काढला तो सगळ्यांनी मिळून. हे लिहिणारा लूक तिथे 'आम्ही' म्हणतो. म्हणजे दृष्टान्तानंतरही सोबत्यांचा विचार होताच. फिलिप्पैत पोहोचल्यावर नदीकाठी लुदिया भेटली आणि पुढे फटके व तुरुंगही वाट्याला आला. दार सहज उघडलं तरच देवाची इच्छा, असं सांगणाऱ्यांनी हा फिलिप्पैचा तुरुंग विसरू नये.

दुसरीकडचा आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याचा. तो कळकळीने विचारतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. तो म्हणतो, बरं झालं तर देवाची कृपा आणि वाईट झालं तर देवाची इच्छा, मग खोटं ठरायची वेळ येणार कधी? तो 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचाही दाखला देतो. बायपास शस्त्रक्रियेचे 1802 रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. उलट, तुमच्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच आढळली, 59 टक्क्यांमध्ये.

ते आकडे मला मान्य आहेत. त्या अभ्यासाने खोटी पाडली ती डोस मोजून दिलेली प्रार्थना, आणि तसा दावा ख्रिस्ती श्रद्धेने करायलाच नको होता. ही वेळ टळो, असं गेथशेमाने बागेत खुद्द येशूने मागितलं, ते मिळालं नाही. ज्या धर्माच्या गाभ्याशीच ही न टळलेली वेळ आहे, त्याने निकालाची हमी कशाच्या जोरावर द्यावी? मूल आईशी बोलतं ते दर वेळी खाऊ मिळतो म्हणून नव्हे. तरीही ते मागतं, आणि मागावंच. हे मोजून सिद्ध करता येणार नाही, हे मी सहकाऱ्याला सरळ सांगते.

दाखवता येतं ते केडगावात. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी विधवा आणि मुली घेऊन आल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागून अनाथालय चालवणारा तो माणूस. रमाबाईंनीही तसंच मागितलं, आणि त्याच हातांनी केडगावच्या आपल्या 'मुक्ती' या आश्रमात शेती, विणकाम, छापखाना उभा केला. मराठीत साध्या बायांना समजेल असं शास्त्र हवं, हे मनाने घेतल्यावर चिठ्ठी उचलून त्या थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर केलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती मुक्तीचा कारभार द्यायचा होता. त्या आजारात केडगावात गुडघे टेकले गेले नसतील का? पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. भाषांतर हातावेगळं झालं होतं, ते 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला कुणी केडगावला जाऊन पाहावं.

मावशी गप्प होती त्या वर्षी तिच्याकडे दर बुधवारी मंडळीतल्या तिघी यायच्या. उपदेश नाही, समजावणं नाही. चहा घ्यायच्या, तिच्यासाठी प्रार्थना करायच्या, ती नुसती ऐकायची. एका बुधवारी तिघींपैकी एकीने सांगितलं, सुनेचे दिवस भरत आलेत आणि रक्तदाब चढलाय. मावशीने पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून तिच्या सुनेसाठी प्रार्थना सुरू केली, मोठ्याने, अडखळत. मी स्वयंपाकघरात उभी होते, आधण उकळून वाया गेलं तरी हलले नाही. सुनेला सातव्या दिवशी सिझेरियनने मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण मी उत्तर म्हणते ते त्या बुधवारच्या आवाजाला. आता रात्री जेवणाआधी मावशी पेनाचं चाक फिरवून आकडा लावते, ताटासमोर जोडते तसेच हात जोडते, दोन शब्द बोलते आणि सुई टोचते.