नागपूरचा एक प्रयोग

सिनेमाचं तिकीट मिळालं नाही, म्हणून महेश एलकुंचवार नागपुरात एका नाटकाला जाऊन बसले. नाटक विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो', दिग्दर्शन विजया मेहता यांचं. त्या प्रयोगाने भारावून जाऊन त्यांनी नाटक लिहायचं ठरवलं. पुढे त्याच विजयाबाईंनी १९८५ मध्ये त्यांचं 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आणलं. धरणगावकर देशपांड्यांचा खचत चाललेला वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि मुंबईहून आलेला नोकरदार मुलगा सुधीर. विदर्भातलं हे घर मुंबईच्या प्रेक्षकांना आपलं वाटलं, यात दिग्दर्शिकेचा वाटा फार मोठा आहे.

१९६० मध्ये 'रंगायन' उभी करणाऱ्या बाईंनी जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ यांच्यासोबत ब्रेख्त मराठीत आणला. कॅमेराही त्यांनी तितक्याच ताकदीने हाताळला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या चित्रपटातल्या सुहास जोशींच्या लक्ष्मीबाई टिळक आठवा! जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर' या नाटकावरून त्यांनी 'रावसाहेब' हा चित्रपट केला आणि त्यातल्याच भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाटक आणि सिनेमा यांत डावं-उजवं करणाऱ्यांनी 'बॅरिस्टर' आणि 'रावसाहेब' लागोपाठ अभ्यासावेत.

आज नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात गावाकडचे किती तरी सुधीर नोकरी करतात. त्यांच्यासाठी हा अंक विजयाबाईंच्या कामावर काढला आहे. आमचा आग्रह एकच: इथल्या कंपन्यांनी वार्षिक स्नेहसंमेलनात निदान एक संध्याकाळ नाटकाला द्यावी, आणि सुरुवात एलकुंचवारांपासून करावी.