झाडबेडकाचं घर: काचेच्या पेटीत की अंगणात?



पावसाळा सुरू झाला की मुलं हमखास विचारतात, "आपण बेडूक पाळूया का?" 'शी, घाण!' म्हणून प्रश्न झटकू नका आणि लगेच काचेची पेटीही आणू नका. आधी मुलांनाच विचारा, बेडकाला घर कसं लागतं?

आपल्याकडचा साधा झाडबेडूक घ्या. त्याच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यामुळे तो गुळगुळीत भिंतही सहज चढतो. म्हणून त्याच्या घराला उंची हवी, निदान दोन फूट. चढायला फांद्या, लपायला रुंद पानांचं रोप, तळाशी ओला नारळाचा भुसा आणि हवा खेळायला जाळी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. त्यामुळे नळाचं क्लोरीन घातलेलं पाणी थेट देता येत नाही, दिवसभर उघडं ठेवावं लागतं. खाणं म्हणजे जिवंत, हलणारे किडे. एप्रिलच्या कोरड्या हवेत रोज दोनदा पाण्याचा फवारा. मे महिन्यात तुम्ही गावाला गेलात तर हे कोण करणार?

मुलांनी ही यादी वहीत लिहिली की निम्मं उत्तर त्यांनाच सापडतं. माझं मत सांगते: बेडकाला घर जरूर द्या, पण बिनझाकणाचं.

आमच्या नारायण पेठेत तर हे जास्तच पटतं. या बेडकाचं इंग्रजीतलं एक नाव 'चुनाम फ्रॉग' आहे. चुनाम म्हणजे चुन्याचा गिलावा. मोदी गणपती, पत्र्या मारुतीच्या आसपास वाडे होते तेव्हा अशा भिंती होत्या, चौक, विहीर, तुळशीवृंदावन होतं. आता बऱ्याच ठिकाणी इमारती आणि पार्किंगची फरशी आहे. ओलावा गेला तिथे बेडूक राहणार कुठे?

तेव्हा शाळेत किंवा सोसायटीत एवढं करून बघा:

१. सावलीच्या कोपऱ्यात कुंड्या दाटीने ठेवा.
२. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि रोज बदला. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे रोज बदललेल्या पाण्यात तो वाढत नाही.
३. त्या कोपऱ्यात कीटकनाशक मारू नका.

बेडूक येईलच अशी खात्री नाही. म्हणून दुसरीकडून पकडून आणून सोडू मात्र नका. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड बुरशीचा रोग असाच इकडून तिकडे पसरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे जगभरात ५०१ उभयचर जाती घटल्या, त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असं मानलं जातं.

वाट बघणं हाही धडाच आहे. तोवर मुलांना निबंधाला विषय द्या: 'झाडबेडकाचे आत्मवृत्त'. पेटीतल्या बेडकाचं लिहायचं की अंगणातल्या, ते त्यांनाच ठरवू द्या.