तळ्याचें पाणी मोजून वांटावें

दसरा-दिवाळीचे दिवस आले आणि तळें भरलेलें दिसलें, कीं गांवांत गहूं-कांद्याचे बेत सुरू होतात. पाणी किती आहे असें विचारल्यास एकच उत्तर मिळतें : "पुष्कळ आहे." पुढें माघांत मोरी आटते. वरच्या अंगाचा गहूं पदरांत पडतो, टोकाकडील शेतकऱ्याचा ओंबीवर वाळतो, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर उत्पन्न होतें. ह्या अनर्थाचें मूळ बहुधा त्या "पुष्कळ" शब्दांत असतें.

नजरेचा अंदाज कां फसतो हें पाहण्यासारखें आहे. तळें म्हणजे सरळ भिंतींचा हौद नव्हे. तें वर पसरट व खालीं निमुळतें असतें. खळगा उलट्या शंकूसारखा असेल तर पाणी निम्म्या खोलीवर आलें असतां उरलेला सांठा निम्मा नसून एक अष्टमांशच असतो. प्रत्येक तळें हुबेहूब शंकूसारखें नसतें हें खरें. तथापि वरच्या हातभर थरांत खालच्या हातभर थरापेक्षां पाणी अधिक असतें. गाळानें तळ भरला म्हणजे जुना अंदाज आणखीच खोटा ठरतो.

उपाय अल्प खर्चाचा आहे. मोरीच्या उंबरठ्याशीं शून्य धरून सांडव्याच्या माथ्यापर्यंत सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी पक्क्या खांबावर बसवावी. आठवड्याच्या ठराविक वारीं, वारा शांत असतांना, पातळी वाचून तारीख, पाऊस व मोरी किती तास उघडी होती हें वहींत लिहावें. १ हेक्टर पसरलेलें पाणी १ सेंटिमीटर उतरलें म्हणजे १ लक्ष लिटर पाणी गेलें. गळतीचा संशय असल्यास मोरी बंद असतांना काठावर रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी ठेवावें. भांड्यांतील पाणी उन्हानें तळ्यापेक्षां थोडें अधिकच उडतें. म्हणून तळ्याची घट भांड्याहून जास्त आढळली तर बांध अथवा मोरी तपासावी.

कोणी म्हणेल, पट्टी लावल्यानें थेंबभरही पाणी वाढत नाहीं. कबूल, तराजूनेंही धान्य वाढत नाहीं, पण तराजूवांचून वांटणी केली तर भावाभावांत तंटा होतो. गव्हास पांच-सहा पाळ्या लागतात. हरभऱ्याचें एक-दोन पाळ्यांत भागतें. पातळी ठाऊक असेल तर कोणतें पीक किती घ्यावें हें पेरणीपूर्वींच ठरवितां येतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पाऊस व विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात, आणि पिण्याचें पाणी आधीं राखून मग पिकांचा विचार करतात. जें एका गांवास साधलें तें इतरांस असाध्य कां असावें?

मात्र एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. पट्टी वाचण्याचें काम एकट्या मोरी उघडणाऱ्याकडे देऊं नये. वरच्या अंगाचा एक व टोकाकडील एक अशा दोघांनीं मिळून वाचन करावें, आणि वही चावडीवर सर्वांस खुली असावी. गुप्त ठेवलेलें माप न मोजण्यापेक्षांही वाईट. त्यानें संशय मात्र वाढतो.

मोठ्या धरणांची पातळी सरकारी खातें मोजतें. आपल्या गांवतळ्याची आपणच मोजली पाहिजे. येत्या रब्बीचें बीं मातींत पडण्यापूर्वीं ही पट्टी उभी राहावी, इतकीच शेतकरी बंधूंस विनंती आहे.