माप दाराचें कीं मांजराचें ?

वाचकभगिनींनो, या खेपेचें सदर मी पुण्याहून नव्हे, तर इंग्लंडांतील रेडिंग शहरीं, माझ्या कन्येच्या घरीं बसून लिहीत आहें. परदेशांतून लिहावयाचें म्हटलें कीं राजवाडे, उपवनें आणि ग्रंथालयें यांच्या वर्णनाची अपेक्षा साहजिकच केली जाते. परंतु हें सदर घरासंबंधीं आहे. सबब या घराच्या स्वयंपाकघराचें मागलें दार, आणि त्या दाराला पाडलेलें एक वीतभर भोंक, एवढाच विषय मी आज आपणांपुढें ठेवणार आहें. विषय क्षुल्लक खरा. पण त्या भोंकानें या घरांतील चार माणसांस जें शिकविलें, तें मला क्षुल्लक वाटत नाहीं.

आपल्याकडे मांजरासाठीं निराळें दार कोणीं कधीं केल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. आमच्या जुन्या वाड्यांत दिंडीदरवाजा दिवसभर उघडा असे, माजघराच्या खिडकीला नुसते गज असत, आणि हें सगळें बंद झालें तरी न्हाणीघराची मोरी होतीच. मांजर येई, जाई. त्याला कोणाची परवानगी लागत नसे. येथील गोष्ट वेगळी. थंडीमुळें वर्षाचे सात-आठ महिने दारें-खिडक्या घट्ट लावून घ्याव्या लागतात, आणि मांजराला तर दिवसांतून दहा वेळां बागेंत जावयाचें असतें. म्हणून दारापाशीं बसून तें ओरडतें, कोणी तरी उठून दार उघडतें, आणि कोणी तरी विसरतें.

या घरची मांजरी मनी चौदा वर्षांची आहे. माझ्या नातीहून ती वयानें वडील. तिचे मागले सांधे आतां धरले आहेत. पूर्वीं कुंपणावर एका उडीसरशी चढणारी ही मनी हल्लीं सोफ्यावर चढावयाचें तर आधीं क्षणभर विचार करिते. गेल्या जानेवारींत एका रात्रीं दहाच्या सुमारास ती दारापाशीं ओरडूं लागली. घरांतलीं सगळीं निजावयास गेलीं होतीं. मीं दार उघडलें, ती बाहेर गेली; थोड्या वेळानें तिला आंत घेऊं, असें म्हणून मी खुर्चींत टेकलें आणि मला झोंप लागली. मध्यरात्रीं जाग आली तेव्हां दिवा मालवून मी वर गेलें. मनीची आठवण मला झालीच नाहीं. कन्येला वाटलें, आईनें तिला आंत घेतलें असेल. सकाळीं सहा वाजतां जांवईबापूंना ती कचऱ्याच्या पेटीमागें सांपडली. रात्रभर पावसांत मिसळून बर्फ पडत होतें. पुढले पंधरा दिवस पशुवैद्याकडे खेपा घालाव्या लागल्या. नात मला एका शब्दानेंही बोलली नाहीं. पण ती मनीला मांडीवर घेऊन बसे, तेव्हां तिच्या शेजारीं जाऊन बसण्याचें धैर्य मला होत नसे.

त्याच आठवड्यांत दाराला झडप बसविण्याचें ठरलें.

या देशांत ही कल्पना नवी नाहीं. एक्झेटर येथील कॅथेड्रलांत खगोलीय घड्याळाच्या खालीं एक लांकडी दार आहे. त्याच्या खालच्या भागांत मांजरासाठीं कापलेलें वाटोळें भोंक असून तें सोळाव्या शतकाच्या अखेरचें सांगतात. घड्याळापाशीं येणारे उंदीर धरावयाचें काम मांजराकडे असे, आणि त्याच्या पोटगीचा खर्च कॅथेड्रलच्या हिशेबांत लिहिला जाई. न्यूटनची आख्यायिका तर अनेकींनीं ऐकली असेल. त्यानें म्हणे मांजरीसाठीं एक मोठें आणि पिलासाठीं एक लहान, अशीं दोन भोंकें दाराला पाडलीं. मोठ्यांतून पिलूंही जाईल, हें त्या थोर गणित्याच्या ध्यानांत आलें नाहीं. या गोष्टीला भक्कम आधार कांहीं नाहीं. ती ऐकून मीही पुष्कळदा हंसलें आहें. पण पुढें जें घडलें त्यानंतर मला वाटूं लागलें कीं, गोष्टींतल्या त्या न्यूटननें निदान दोघां जिवांचा निरनिराळा विचार तरी केला होता.

आमच्याकडे एका कारागिरास बोलावलें. मनुष्य नीटनेटका आणि अबोल. त्यानें फीत काढली, दाराच्या खालच्या फलकाची लांबी मोजली, रुंदी मोजली, दोहोंचा मध्य काढला आणि बरोबर त्या मध्यावर झडप बसवून दिली. काम इतकें रेखीव कीं कोणीही वाखाणावें. आम्हीही वाखाणलें. मग मनीला आणून तिच्यापुढें उभें केलें. झडपेची खालची कड आंतल्या फरशीपासून ३२ सेंटिमीटरांवर होती. बाहेर पायरी खोल असल्यामुळें तीच उंची ५० सेंटिमीटर भरली. मनीनें मान वर करून त्या खिडकीवजा वस्तूकडे पाहिलें, एकवार पुढला पाय उचलला, आणि पुन्हां खालीं ठेवून ती दाराच्या कडेला, जेथें आपण नेहमीं उघडून देतों तेथें, जाऊन बसली. कारागिरानें दाराचें माप घेतलें होतें. मांजराचें घेतलें नव्हतें. आणि आम्हीं चौघांनीं, ज्यांना मनीचे सांधे ठाऊक होते, त्यांनीं तरी त्याला कोठें सांगितलें होतें ?

आतां हें दार कशाचें असतें तें सांगतें. कारण पुण्या-मुंबईच्या नव्या सदनिकांतूनही यूपीव्हीसीचीं दारें-खिडक्या येऊं लागल्या आहेत. हें प्लास्टिक कडक असतें. दाराची चौकट पोकळ असून तिला बळकटी यावी म्हणून पुष्कळदा आंत पोलादी गाभा घातलेला असतो, आणि कुलपाच्या बाजूनें वरपासून खालपर्यंत आंकड्यांची यंत्रणा बसविलेली असते. म्हणून चौकटीला कधींही करवत लावूं नये. अर्धें दार कांचेचें असेल तर त्या कांचेलाही हात लावूं नये. सुरक्षेसाठीं तापवून कडक केलेली ही कांच कापूं गेल्यास तिचे खड्यांसारखे तुकडे होतात, आणि भोंक हवें असेल तर कारखान्यांतून तें पाडूनच नवी कांच मागवावी लागते. राहिला खालचा फलक. त्याला दोहों बाजूंनीं प्लास्टिकचे पातळ पत्रे असतात, आणि मध्यें थर्मोकोलसारखा हलका पदार्थ भरलेला असतो. कापण्याजोगी जागा तेवढीच. घर भाड्याचें असल्यास घरमालकाची संमति आधीं घ्यावी, हें सांगणें नलगे.

या फलकाचा एक गुण आमच्या उपयोगी पडला. तो चौकटींत नुसता बसविलेला असतो. कडेच्या बारीक पट्ट्या जपून काढल्या कीं फलक सुटतो आणि त्याच मापाचा व जाडीचा दुसरा घालतां येतो. चूक महाग पडली, परंतु दार वांचलें. नवा फलक येईपर्यंत जांवईबापूंनीं काम स्वतः करावयाचें ठरविलें, आणि मींही त्यांना हाताखालीं मदत करण्याचें मान्य केलें.

या वेळीं पहिलें माप मनीचें घेतलें. ती उभी असतां जमिनीपासून पोटापर्यंतचें अंतर नातीनें मोजलें : १४ सेंटिमीटर. झडपेची खालची कड साधारणपणें त्याच उंचीला असावी, म्हणजे मांजराला उडी न मारतां पाय उचलून पलीकडे जातां येतें. परंतु दारालाही मर्यादा असतात. चौकटीची खालची पट्टी सोडून झडप जितकी खालीं घेतां आली, तितकी घेतली. तरी ती आंतून २२ सेंटिमीटरांवरच आली. तेव्हां उरलेली उंची पायरीनें भरून काढली. आंत एक रुंद फळी, आणि बाहेर विटांच्या दोन पायऱ्या, निसरडें होऊं नये म्हणून वर खरखरीत रबराची चटई.

कापण्याची रीत अशी. झडपेबरोबर कागदी साचा मिळतो. तो पाणसळीनें सरळ धरून आंतल्या बाजूला आंखून घ्यावा. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे चकचकीत पृष्ठभागावर ओरखडे उठत नाहींत. चारही कोपऱ्यांस ड्रिलनें आरपार भोंकें पाडावीं. त्यांच्यावरून बाहेरच्या बाजूची आंखणी बिनचूक जुळते. मग बारीक दात्यांच्या विजेच्या करवतीनें सावकाश कापावें. घाई केल्यास पातें तापतें, प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतें आणि कड फाटते. कडाक्याच्या थंडींत हें प्लास्टिक ठिसूळ होतें, म्हणून आम्हीं उन्हाची दुपार पाहिली. कापलेल्या कडा कानशीनें घांसून गुळगुळीत कराव्या, आणि पावसाचें पाणी आंतल्या गाभ्यांत झिरपूं नये म्हणून त्या सिलिकॉननें बंद कराव्या. स्क्रू बेताचे आवळावे. फार आवळले तर पत्रा आंत दबतो. एक सावधगिरी अधिक : झडपेंतून हात किंवा काठी घालून पोंचतां येईल अशी किल्ली कुलपांत ठेवूं नये.

झडप आम्हीं चिप ओळखणारी घेतली. इंग्लंडांत १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला, तें वीस आठवड्यांचें होण्यापूर्वीं, अशी चिप टोंचवून घेणें कायद्यानें बंधनकारक झालें आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तु कातडीखालीं राहते. तिला बॅटरी नसते, आणि मांजर कोठें आहे हें तिच्यावरून कळत नाहीं. वाचणारें यंत्र जवळ आलें कीं फक्त आपला क्रमांक ती सांगते. झडपेला तो क्रमांक एकदां शिकविला कीं ती मनीसाठीं उघडते, आणि शेजारचा बोका, जो आमच्या घरचा पाहुणचार हक्कानें घेई, तो बाहेर राहतो.

इतकें करूनही मनी पहिले चार दिवस झडपेकडे फिरकली नाहीं. मग नातीनें झडप चिकटपट्टीनें वर अडकवून ठेवली, पलीकडे माशाचा तुकडा ठेवला, आणि तिला कोणीं ढकलूं नये अशी सर्वांस ताकीद दिली. दिवसागणिक झडप थोडी थोडी खालीं आणली. नवव्या दिवशीं पहांटे खालीं टक् असा आवाज झाला. मी जिन्यांत उभी होतें. मनी ओल्या पायांनीं आंत आली, फळीवर क्षणभर थांबली, आणि माझ्याकडे न पाहतां आपल्या टोपलींत जाऊन निजली. त्या दिवशीं नात माझ्याशेजारीं येऊन बसली.

येथें हें सदर संपावयाचें. पण एक गोष्ट सांगणें राहिलें. काम आटोपल्यावर जांवईबापू फीत गुंडाळीत होते, ते मध्येंच थांबून म्हणाले, “आई, वरच्या न्हाणीघरांतल्या टबाची कड तुम्हांला उंच पडते का हो ?” मी चार महिने त्या घरांत राहत होतें. ती कड ५५ सेंटिमीटर उंच. रोज भिंतीचा आधार घेऊन, देवाचें नांव घेऊन मी ती ओलांडीत असें. पाहुण्यानें कशाला बोलावें, असें मला वाटे. त्यांना वाटे, आईंना अडचण असती तर त्या बोलल्या असत्या. मीं “होय” म्हटलें. दुसऱ्या दिवशीं टबापाशीं एक रुंद पायरी आणि भिंतीला धरावयास दांडा आला. दांड्याची उंची माझा हात धरून ठरविली.

तेव्हांपासून मला आमचा पुण्याचा ओटा राहून राहून आठवतो. तो गवंड्यानें आपल्या अंदाजानें बांधला, आणि माझ्या सासूबाईंनीं पाटावर उभें राहून त्यावर वीस वर्षें स्वयंपाक केला. त्यांची उंची कोणीं विचारली नाहीं, मींही नाहीं. भगिनींनो, येत्या रविवारीं हातांत फीत घ्या आणि घरांतून एक फेरी मारा. ओटा, फडताळ, देव्हारा, न्हाणीघराचा उंबरा, कडी, दिव्याचें बटण — जें जें दिसेल तें घरांतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेल्या जिवाला लावून पाहा. आणि त्या जिवाला विचारा. कारण तो आपण होऊन सांगणार नाहीं.