सुगीचें वाद्य मोर्चांत

निषेधाचें गाणें म्हटलें कीं शाहीर अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांचा डफ आठवतो. भोपळ्याच्या व बांबूच्या तारप्यासहि त्या पंक्तींत पाट मांडला पाहिजे. मार्च २०१८ मध्यें सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यांतील आदिवासी, कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्कासाठीं, नाशिकहून मुंबईस हजारोंनीं पायीं निघाले. ज्या तारप्यावर सुगीचा नाच धरावा, तोच त्या वाटेवर गाऱ्हाणें सांगूं लागला. अखेरची मजल मात्र त्यांनीं, दहावीच्या परीक्षार्थींस अडथळा नको म्हणून, रात्रींच उरकली. २००६ चा वनहक्क कायदा होऊनहि ज्यांच्या हातीं जमीन आली नव्हती, त्यांनीं परक्या मुलांची काळजी वाहिली. तारप्याचे सूर मुलांस ऐकवितांना हेंहि त्यांस अवश्य सांगावें.