नीलगिरीला नावे ठेवू नका



नीलगिरीचं नाव काढलं की आमचे आजोबा चिडतात. "मेलीनं सगळं पाणी पिलं," म्हणतात. खरे तर १९८५ च्या सुमारास सामाजिक वनीकरणाची रोपे आणून त्यांनीच ती बांधावर लावली होती. मागच्या वर्षी झाडे तोडून लाकूड विकले. तरी पावसाळ्यात बुंध्यांना पुन्हा फुटवे आले. आजोबा म्हणाले, "बघ, किती चिवट हाय!" ते रागाने म्हणाले, मला मात्र त्या झाडाचे कौतुक वाटले.

मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथे त्याच्या सातशेच्या आसपास जाती आहेत. टास्मानिया बेटावर एक झाड सुमारे १०० मीटर उंच आहे. आपल्या देवळाचा कळस त्याच्या गुडघ्यालाही लागणार नाही! कोआला नावाचा प्राणी तर याच पानांवर जगतो.

त्या देशात उन्हाळ्यात वणवे लागतात. २०१९-२० साली फारच मोठे लागले. बाईंनी नंतरचे फोटो दाखवले. खोड कोळशासारखे काळे, आणि त्यावर खालपासून वरपर्यंत कोवळी पालवी! उसाच्या कांडीला डोळे असतात ना, तसे डोळे सालीखाली झोपलेले असतात. आगीनंतर ते जागे होतात. काही जाती मात्र आगीत मरतात, पण मरताना राखेत बी टाकून जातात.

फूलही सुंदर. कळीला टोपी असते. टोपी गळाली की बारीक तंतूंचा झुपका उमलतो, अगदी जांभळीच्या फुलासारखा. कारण दोघी एकाच कुळातल्या.

म्हणून मला वाटते, दोष झाडाचा नाही. मुळे लांब सोडणे, पुन्हा फुटणे हे ते आपल्या देशात जगण्यासाठी शिकले. लवकर पैसा मिळावा म्हणून आपणच त्याला इथे आणले. पाहुण्याला बोलवायचे आणि जास्त जेवला म्हणून शिव्या द्यायच्या, हे बरे नव्हे. त्याच्या घरी ते राजा आहे. आपल्या बांधावर आपण जांभूळ, कडुनिंब लावू.

हे मी आजोबांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, विहिरीपासून लांबचा तो एक बुंधा राहू दे."

मित्रांनो, तुमच्या बांधावर काय आहे? एकदा नीट बघा.

– इयत्ता ७ वी