दुसऱ्या वर्षाच्या दारातून

दहावीचा निकाल लागला की मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर एकच हिशेब मांडला जातो. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि इंजिनीअरिंगची चार, म्हणजे सहा. डिप्लोमाची तीन, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढची तीन, तीही सहाच. मग क्लासचे पैसे आणि सीईटीची धास्ती कशाला? वडिलांचा हा प्रश्न कागदावर बिनतोड आहे.

एके काळी हा हिशेब फारसे कोणी करीत नसे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याआधी मुंबईत पदवीच्या जागा माटुंग्याचे व्हीजेटीआय, अंधेरीचे सरदार पटेल, पवईची आयआयटी अशा मोजक्या ठिकाणीच होत्या. डिप्लोमा हाच मुक्काम असे. पार्ल्याच्या भागुभाईतून किंवा वांद्र्याच्या सरकारी तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला मुलगा कुर्ल्याची प्रीमियर, कांजूरची क्रॉम्प्टन, विक्रोळीची गोदरेज अशा कारखान्यांकडे डोळे लावून असे. एकदा चिकटला की घर सावरले. एलबीएस मार्गावरच्या कित्येक कारखान्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. मुक्कामाचे गावच उठले, आणि डिप्लोमा झाला गाडी बदलण्याचे दादर.

गाडी बदलणे नियमाने सोपे आहे. सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाला खुल्या वर्गासाठी ४५ आणि मागासवर्गीयांसाठी ४० टक्के असले की अर्ज करता येतो आणि गुणांवर यादी लागते. जागा मात्र मंजूर संख्येवरच्या थोड्या जादा आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. नामांकित महाविद्यालयात कॉम्प्युटरची जागा रिकामी कशी राहणार? तिथे ४५ टक्क्यांना कोणी विचारीत नाही.

पण खरी अडचण प्रवेशानंतरची आहे, आणि तिची चर्चा आपल्याकडे होत नाही. प्रवेशाच्या फेऱ्या अनेकदा ऑगस्टच्याही पुढे रेंगाळतात. तोवर वर्ग सुरू झालेले असतात. डिप्लोमात गणित प्रामुख्याने पहिल्या वर्षीच असते. त्यानंतर दोन वर्षांच्या खंडाने मुलगा वर्गात शिरतो तेव्हा फळ्यावर लाप्लास आणि फूरियर असतात. शेजारच्या बाकावरच्याने आदल्याच वर्षी गणिताचे दोन पेपर दिलेले. लेथ, ड्रॉइंग, सर्किट यांत हाच मुलगा वर्गाला शिकवू शकेल. पण तिसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेत गणिताची केटी लागली की त्याला ‘डिप्लोमावाला’ म्हटले जाते. कालपर्यंत तंत्रनिकेतनात पहिल्या पाचांत असलेल्या पोराला हे फार लागते.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्याला गणिताचे ठरावीक विषय आधीच पुरे करावे लागतात. आपण पहिले वर्ष माफ करतो आणि त्या वर्षाचे गणित गृहीत धरतो, हा कुठला न्याय? काही महाविद्यालये जादा तास घेतात, पण तेही सत्र सुरू झाल्यावर, संध्याकाळी, जेव्हा मुलाला बोरिवली लोकल पकडायची असते.

डिप्लोमाची शेवटची परीक्षा उन्हाळ्यातच संपते. तिथून प्रवेशापर्यंतचे दोन-तीन महिने मुलगा घरी बसून याद्यांची वाट पाहतो. पहिल्या वर्षाच्या गणिताचे जुने पुस्तक गल्लीतल्या एखाद्या सिनियरकडे हमखास मिळते. तेवढे ते मागून आणावे.